माजी साहेबांचं पाणी जोखताना

'माजी' हा शब्द आमच्या वाशिमकडे फक्त लग्नपत्रिकेत आणि फ्लेक्सवर सापडतो, तोही बारीक अक्षरात. तोंडावर कुणी कुणाला माजी म्हणत नाही. सरपंचकी जाऊन दोन पंचवार्षिक उलटले तरी माणूस सरपंचच असतो, आणि सभापती मरेपर्यंत सभापती. मागे एकदा टपरीवर चहा पिताना शेजारी बसलेल्या काकांना मी सहज म्हटलं, 'काका, आता तर त्यांचं पद गेलं.' काकांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि म्हणाले, 'पद जाते भाऊ, साहेब नाई जात.'

त्या वाक्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पद गेलेल्या पुढाऱ्यांबद्दल बोलायचा वाशिमकरांना थोडा जास्तच अधिकार आहे. 1977 साली वाशिम लोकसभा मतदारसंघातून निवडून गेले ते वसंतराव नाईक. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला आणि फेब्रुवारी 1975 मध्ये दिल्लीच्या मर्जीनं पायउतार झालेला माणूस. त्यांच्या मागोमाग 1980 आणि 1984 ला आले गुलाम नबी आझाद, थेट जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यातून. आणि 1998 ला सुधाकरराव नाईक, तेही माजी मुख्यमंत्री. काका-पुतण्या दोघं पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे शेजारचे. आझाद मात्र पार परके. एकाचं मोठेपण संपत आलेलं, एकाचं सुरू व्हायचं होतं, एकाला नव्यानं मांडून बघायचं होतं. तिघांचीही गाडी या फलाटावर थांबली. फलाटाचं काय झालं ते सांगतो: 2009 पासून मतदारसंघाच्या नावात वाशिम दुसऱ्या नंबरावर आहे, यवतमाळच्या मागे. आणि 2018 साली नीती आयोगानं देशातले मागास जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चारांत आम्ही होतो. त्याला 'आकांक्षित जिल्हा' म्हणतात. आकांक्षा पुढाऱ्यांची असते हे ठाऊक होतं, जिल्ह्यालाही असते हे तेव्हा कळलं.

वसंतरावांना दुसरा डाव फारसा मिळालाच नाही. जनता लाटेत विदर्भानं काँग्रेसला हात दिला म्हणून ते दिल्लीत पोचले. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं, आणि चार दिवसांनी ती लोकसभाच बरखास्त झाली. त्यांच्याबद्दल शंका घ्यायला वेळही उरला नाही.

आझादांचं तसं नाही. वाशिमनं त्यांना पहिल्यांदा निवडून दिलं तेव्हा ते एकतीस वर्षांचेही नव्हते. पुढे केंद्रात मंत्री, जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री, राज्यसभेत विरोधी पक्षनेते. लोकसभेची निवडणूक मात्र ते आयुष्यात जिंकले ती वाशिममधूनच. 2014 ला उधमपूरला उभे राहिले आणि पडले. 2021 च्या फेब्रुवारीत राज्यसभेची मुदत संपली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांचे डोळे सभागृहात पाणावले. ऑगस्ट 2022 मध्ये काँग्रेसला लांबलचक पत्र लिहून ते बाहेर पडले आणि महिन्याभरात जम्मूत नवा पक्ष काढला. पक्षाच्या नावातच 'आझाद'. माणूस आणि पक्ष वेगळे काढायची सोयच ठेवली नाही.

आमच्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना तेव्हाच शंका आली होती. पन्नास वर्षं ज्या झाडाच्या सावलीत बसलात, ते झाड सोडल्यावर सावली तुमची होती की झाडाची, हे कळायला किती वेळ लागतो? जानेवारी 2023 मध्येच पक्षातले काही बडे नेते काँग्रेसमध्ये परतले. 2024 च्या लोकसभेला आझादांनी अनंतनाग-राजौरीतून उभं राहण्याची घोषणा केली आणि पंधरवड्यात ती मागे घेतली. पक्षाच्या तिन्ही उमेदवारांच्या अनामती गेल्या. विधानसभेला एकही जागा नाही. एप्रिल 2025 मध्ये पक्षाच्या सगळ्या समित्याच बरखास्त झाल्या.

हसू येतं, पण थांबा. या गोष्टीत आझादांच्या बाजूनं एक मुद्दा आहे आणि तो आपण विसरतो. पद गेल्यावर ते परीक्षेला बसले. पेपर साधा होता, मतपेटी. निकाल चारचौघांत लागला. त्यांच्या महत्त्वाकांक्षेवर घेतलेली शंका खरी की खोटी, ते दोन निवडणुकांत कळलं. पद गेल्यावर पक्ष काढणारा माणूस निदान स्वतःला तराजूत तरी घालतो. जो समाजसेवा काढतो, संस्था काढतो, 'आता राजकारण नको, फक्त लोकांसाठी' म्हणतो, त्याला कुठल्या तराजूत घालायचं?

इथं सुधाकररावांपाशी यावं लागतं.

जून 1991 मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि मुंबईच्या दंगलींनंतर 1993 च्या सुरुवातीला गेले. जेमतेम वीस महिने. मग हिमाचलचं राज्यपालपद, तेही 1994-95 पुरतं. शरद पवारांशी बिनसलेलं उघड्यावर आलेलं. अशा वेळी या माणसानं हाती धरलं काय, तर पाणी. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, 1992 मध्ये, जलसंधारणाचं स्वतंत्र खातं झालं होतं. पद गेल्यावर ते तोच धागा ओढत राहिले. राज्याच्या जलसंधारण परिषदेचं अध्यक्षपद घेतलं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा' सांगत राहिले. 1998 ला ते वाशिमचे खासदार होते आणि त्याच वर्षी, 1 जुलैला, वाशिम अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला. 1 जुलै म्हणजे वसंतरावांचा जन्मदिवस. योगायोगसुद्धा नाईकांच्या घरचा.

विषय तर त्यांनी अचूक निवडला होता. वाशिम जिल्हा म्हणजे पाणलोटाचा माथा. इथं पडलेला पाऊस उताराप्रमाणे दोन्हीकडे पळतो: काटेपूर्णेनं पूर्णेत आणि तापीत, अडाण-अरुणावतीनं पैनगंगेत आणि गोदावरीत. आमच्या काटेपूर्णेचं पाणी महानच्या धरणातून अकोला शहर पितं. वरून आम्हाला पाणी देणारा जवळपास कुणी नाही आणि खाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरतं ते कष्टानंच. इथं पाणी अडवलं नाही तर दिवाळीनंतर विहिरीत उतरून मोटरचा पाईप खाली-खाली सरकवत बसावं लागतं. हरभऱ्याला दोन पाणी मिळाले तर मुलाची फी निघते, नाही तर नाही.

तरीही लोक तेव्हा शंका घेत होते, आणि ती चुकीची होती असं मला वाटत नाही. खुर्ची गेली की पुढाऱ्यांना शेतकरी आठवतो, पाणी आठवतं, आई आठवते. सुधाकरराव 10 मे 2001 ला गेले. आता 10 मे हा राज्याचा जलसंधारण दिन आहे. शपथ होते, फोटोला हार होतो. शंकेला उत्तर मिळालं नाही, तिला तारीख मिळाली.

आमच्या वावराच्या खालच्या अंगाला नाल्यावर एक सिमेंटचा बंधारा आहे. कुठल्या साली झाला ते कोनशिलेवर होतं. आता त्या जागी बैल खाजवून खाजवून दगड गुळगुळीत झालाय. बंधारा भक्कम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो गाळानं भिंतीच्या काठापर्यंत भरलाय, त्यावर बेशरम माजलीय, आणि डाव्या हाताला पाण्यानं काठ पोखरून स्वतःची वेगळी वाट केलीय. नाला बंधाऱ्याला वळसा घालून जातो, जसा गावचा माणूस उधारी मागणाऱ्याला वळसा घालून जातो. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. साहेब सज्जन होते. चष्मा वर करून म्हणाले, 'हा कोणत्या योजनेतला? योजना बंद झाली असेल तर दुरुस्तीचं हेड नसते.' म्हणजे बंधारा आहे, नाला आहे, गाळ आहे, शेतकरीही आहे. फक्त हेड नाही.

गोष्ट एका बंधाऱ्याची नाही. पुढे जलयुक्त शिवार आलं, 2019 पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचं ठरलं, आणि 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितलं की साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चूनही पाण्याची गरज भागली नाही आणि भूजलाची पातळीही म्हणावी तशी वाढली नाही. ही कल्पना ज्यांच्या नावानं सांगितली जाते, त्या सुधाकररावांचा यात दोष नाही. पण श्रेय त्यांच्या खात्यावर जमा करताना आपण जितकी घाई करतो, तितकी मोजायला करत नाही.

मोजणारा एक माजी पुढारी माझ्या पाहण्यात आहे, तोही लांबचा. अमेरिकेचे जिमी कार्टर 1980 ची निवडणूक हरून घरी आले, दोन वर्षांत स्वतःची संस्था काढली. त्यांच्या या दुसऱ्या डावावर शंका घेणारे कमी नव्हते. 1994 ला ते उत्तर कोरियात बोलणी करायला गेले तेव्हा त्यांच्याच पक्षाचं सरकार वैतागलं होतं. पण त्यांनी एक रोग धरला, नारू. हो, तोच. पायविहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षानं पायातून दोऱ्यासारखा निघणारा. म्हाताऱ्यांना विचारा, काडीला गुंडाळून तो रोज बोटभर ओढत. 1986 साली जगात त्याचे सुमारे 35 लाख रुग्ण होते. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. 2023 पर्यंत साऱ्या जगात रुग्ण उरले पंधराच्या आत. यात अनेक सरकारांचा आणि गावोगावच्या कर्मचाऱ्यांचा वाटा आहे, एकट्या कार्टरचं हे कर्तृत्व नव्हे. पण या कामात दरसाल एक आकडा निघत होता आणि तो कुणालाही तपासता येत होता. नारूला साहेब कळत नाही. तो एक तर पायातून निघतो, नाही तर निघत नाही.

पाण्याचंही तसंच करता येतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, मे महिन्यातही. तो आकडा गावात कुणाला ठाऊक नसतो, कारण तो सांगण्यात कुणाचा फोटो नसतो. उद्या कुठल्याही माजी साहेबांनी गावात येऊन पाणी, माती, शिक्षण असलं काही हाती घेतो म्हटलं, तर त्यांना टाळ्याही देऊ नका आणि हाकलूही नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजचा आकडा लिहायला लावा, खाली त्यांची सही घ्या, आणि दरवर्षी त्याच तारखेला त्याच्याखाली नवा आकडा लिहा. भाषणाला आले नाहीत तरी चालेल, सहीला आले पाहिजेत.

तोवर 10 मे घरच्या घरी पाळता येतो. हाराचे पैसे वाचतात. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि ओली दोरी मोजायची. गेल्या 10 मे रोजी सकाळी आमच्या विहिरीत सव्वा परस पाणी होतं. तुमच्याकडचा आकडा लिहून ठेवा.