परिक्रमा पुरी होते तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, नर्मदामैयाची परिक्रमा म्हटली की आपल्याला वाटतं, इथून निघायचं आणि तिथं पोहोचायचं. पण या वाटेला ‘तिथं’ असं काही नाहीच. ज्या घाटावर संकल्प सोडला, त्याच घाटावर परत यायचं. मैया उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. ओंकारेश्वराहून उचलली, तर दक्षिण तटानं समुद्रापर्यंत, तिथून नावेनं मिठी तलाईला, मग उत्तर तटानं अमरकंटक, आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटानं खाली. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. ती दोन्ही अंगांनी चालायची. परंपरेनं काळ सांगितलाय ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवस. हल्ली इतका वेळ कोणाकडे आहे म्हणा!

आता गंमत बघा. ओंकारेश्वराचं मंदिर बेटावर. तिकडे जायचं म्हणजे धारा ओलांडणं आलं. म्हणून घाटावरून निघणाऱ्याला कळस समोर दिसतो, पण परिक्रमा चालू असताना तिकडे जाता येत नाही. कळसाकडे पाठ करून चालू लागायचं. परत आल्यावरच पूल ओलांडायचा आणि वाटभर सांभाळलेल्या कुपीतलं जल ज्योतिर्लिंगावर घालायचं. मग कन्यापूजन, कढईचा शिरा.

कुपी रिकामी झाली, की हातही रिकामा होतो. शेवटच्या मुक्कामांना पाय आपोआप घाई करतात, आणि घाट दिसला की तेच पाय अडखळतात. उद्यापासून सकाळी उठून ‘नर्मदे हर’ म्हणत कुणीकडे निघायचं?

खरी कसोटी पुढे, घरी. ज्यानं महिनोन्‌महिने पदरात पडेल ते गोड मानलं, तोच चौथ्या दिवशी ‘भाजी अळणी का?’ म्हणून सुनेवर डाफरला, तर ते जल कुठं गेलं म्हणायचं? शिक्के मारलेली वही भिंतीवर चौकटीत लावायला माझी हरकत नाही. पण आपले टेंबे स्वामी महाराज उभा देश अनवाणी फिरले आणि १९१४ साली मैयाच्याच काठी, गरुडेश्वरी, देह ठेवला. मागे काय उरलं? दंड, कमंडलू, छाटी.

आता गुडघ्यांनी जबाब दिलेल्या मंडळींसाठी एक सांगतो. काठावरच्या गावांत परिक्रमावासीयाला ‘मूर्ती’ म्हणतात. दारात हाक आली, की आतून पहिला प्रश्न, ‘कितनी मूर्ती हैं, बाबा?’ विचारणाऱ्या त्या माउलीनं स्वतः कदाचित कधी परिक्रमा केलेली नसते. शेत, गुरं, लेकरं सोडून निघणार कशी? मूर्ती जेवतात, आशीर्वाद देतात, पुढे जातात. त्यांची परिक्रमा पुरी झाली की नाही, हे तिला कधीच कळत नाही. तिनं तोवर पुढच्या मूर्तींसाठी डाळ चुलीवर चढवलेली असते.