कलिंगात न कोरलेला लेख

(तळोदा. नर्मदेच्या बुडितातून आलेल्यांच्या वसाहतीत उद्या ग्रामसभा आहे. तिथे बोलायला जाणारी तरुण नायब तहसीलदार आणि तिचे शाळेतले इतिहासाचे सर.)

ती : सर, उद्या मी अशोकावर बोलणार आहे. कलिंगात एक लाख माणसं मारली, दीड लाख हलवली, आणि मग जिंकलेल्या राजानंच पश्चात्ताप दगडावर कोरला. अशी कबुली फार दुर्मीळ.

सर : तेरावा शिलालेख. त्यातच तो रानातल्या लोकांना बजावतो, की पश्चात्ताप झाला तरी माझी ताकद शाबूत आहे; सुधारा, नाहीतर मारले जाल. उद्या तुझ्यासमोर भिल्ल-पावरा बसतील.

ती : राज्य चालवणाऱ्याला दंड पूर्ण सोडता येत नाही. धमकी त्यानं लपवली नाही, हे मला प्रामाणिक वाटतं.

सर : प्रामाणिक, पण कोणापाशी? हा लेख गिरनारला आहे, पार शाहबाझगढीला आहे. कलिंगात, धौली-जौगडला, मात्र तो कोरलाच नाही. ज्यांची माणसं मेली त्यांना वगळून दुःख सांगितलं.

ती : पण त्याच्या जागी काय कोरलं? दोन वेगळे लेख, महामात्रांसाठी, म्हणजे त्याच्या अधिकाऱ्यांसाठी. विनाकारण कोणाला कोंडू नका, छळू नका, आळस नको, संताप नको. हे ठरल्या दिवशी वाचून दाखवा, ऐकायला एकटाच माणूस असला तरी. शिवाय दर पाच वर्षांनी तपासणी. पोरगा गेलेल्या बाईला राजाच्या दुःखापेक्षा याचाच उपयोग.

सर : तिला ‘हे माझ्यामुळे झालं’ एवढंच ऐकायचं असेल तर? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं गेली, सगळी आपल्या अक्कलकुवा-अक्राणीतली. मिळालेल्या जमिनीचा सातबारा निघतो. नदी, मासळी, रान कुठल्या उताऱ्यावर चढवणार?

ती : इथेच मी अडकलेय. माफी मागितली, तर लोक म्हणतील, धरण तू थोडंच बांधलंस? आणि माफीनं त्यांच्या एकाही अडकलेल्या अर्जाचा निकाल लागत नाही. नुसता अर्जांचा हिशेब दिला, तर गेलेलं जणू गेलंच नाही.

सर : आधी गेलेल्याचं नाव घे. मग अर्ज.

ती : नाही सर. आधी अर्जच वाचीन, कुठला कागद कुठे अडकलाय त्यासकट. गोड शब्द त्यांनी खूप ऐकलेत. गेलेल्याबद्दल ते विचारतील तेव्हा बोलेन.

सर : हे मला पटत नाही. विचारायचं धाडस येईपर्यंत पिढी जाते. बरं, वाचणार कुठल्या भाषेत? कंदहारला अशोकानं ग्रीक आणि अरेमाईक वापरली होती.

ती : पावरीत. वसाहतीतलीच मुलगी वाचेल.

सर : आणि तुझी बदली झाली की?

ती : अर्जांची यादी माझ्या सहीनिशी ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडणार आहे.

सर : पुढच्या अधिकाऱ्याला ती अडचणीची होईल.

ती : व्हावी म्हणूनच जोडतेय.