पाटावरची चार मिनिटं

मुलाला मारायचं नाही, हे सुहासचं लग्नाआधीच ठरलेलं होतं. लहानपणी शाळेत अंगठे धरून उभं राहण्यात आणि पट्ट्या खाण्यात त्याचे बरेच तास गेले होते. म्हणून डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात चार वर्षांच्या ओजससाठी ‘टाइम-आउट’ आला. दोन खोल्यांमधल्या बोळकंडीत एक पाट, फोनवर गजर, आणि वर्षाला एक मिनिट या हिशेबाने चार मिनिटं. नियम वाचून, विचारून बसवलेले. पहिला आठवडा बरा गेला. मग मात्र पाट दिवसातून एकदा लागायचा तो चार-पाचदा लागू लागला.

दिवाळीसाठी सुहासची आई आली होती. तिची बालवाडी चालवण्यात हयात गेलेली, शिक्षण कोसबाडचं. ती मध्ये पडली नाही. वाती वळता वळता बघत बसली.

सुहास आठच्या सुमारास लोकलमधून चेंगरून यायचा, चहा घ्यायचा आणि फोन उघडायचा. त्याची बायको मीनल लॅपटॉपवर. ओजस ठोकळ्यांचा मनोरा आणून दाखवायचा. “बाबा, बघ ना.” “हं.” “बाबा, गच्ची बघ.” “हं, छान.” तिसऱ्यांदा तो काही बोलायचाच नाही, सरळ पेल्यातलं पाणी सोफ्यावर ओतायचा.

की फोन खाली! बाबा उठायचा, त्याला उचलून पाटावर बसवायचा आणि समोर उकिडवं बसून थेट डोळ्यांत बघायचा. “पाणी का ओतलंस? सोफा ओला झाला की काय होतं? आता आई कुठे बसणार?” ओजस प्रत्येक प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायचा. एकदा मध्येच म्हणाला, “बाबा, तुझ्या नाकात केस आहेत.” गजर वाजला की सॉरी, पापा, आणि सगळे आपापल्या पडद्यांकडे परत.

एका संध्याकाळी ओजस आजीजवळ आला आणि कानात म्हणाला, “आजी, तुझा चष्मा फेकू? मला पाटावर बसायचंय.”

आजीने हे जेवताना सांगितलं. मीनल हसली. सुहासला हसू आलं नाही. “मग चारची दहा मिनिटं करतो.”

“कर की. खूश होईल.”

“म्हणजे?”

“अरे, दिवसभरात तू त्याच्याशी सलग बोलतोस ते तिथेच.” आजीने ताटातली भाजी सारली. “माँटेसरीबाई दंगा करणाऱ्या मुलाला कोपऱ्यात बसवायच्या. पण मऊ खुर्चीवर, हातात आवडीची खेळणी देऊन, आणि तोंड बाकीच्या मुलांकडे. रागवायच्या नाहीत. समोर चाललेलं काम दिसावं आणि आपणही त्यात जावं असं त्याला वाटावं, म्हणून. तुझ्या घरात पाटावरून त्याने बघायचं काय? तुम्हा दोघांच्या पाठी?”

सुहासने वाचलेल्या नियमांत मिनिटं होती, पण त्यामागचा विचार गळला होता. टाइम-आउट हे अर्धंच नाव आहे. 1958 साली चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरं आणि चिंपांझींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात टाइम-आउट म्हणजे चांगलं मिळणं थोडा वेळ थांबवणं. चोच मारली की दाणे मिळतात हे कबुतराला आधी ठाऊक हवं, मगच ते थांबल्याचं त्याला कळणार. पुढे मुलांच्या संगोपनात ही पद्धत शिरली, घरोघर पोचली, आणि वाटेत दाण्यांची गोष्टच लोक विसरले. (गजर लक्षात राहिला, कारण तो फोनमध्ये असतो.)

आजीने दोनच गोष्टी सांगितल्या. पाटावर असताना त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. आणि घरी आल्यापासून जेवण होईपर्यंत दोघांचे फोन रिकाम्या पिठाच्या डब्यात.

पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं गेलं. गप्प बसलेला बाबा ओजसला मुळीच मंजूर नव्हता. त्याने पाट लाथाडला, भोकाड पसरलं, नाकातल्या केसांचा विषय पुन्हा काढला. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. सुहासचा हात सवयीने खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आता उरलेल्या वेळेचं करायचं काय, हे त्यालाही सुचेना. शेवटी दुकान-दुकान सुरू झालं. वाल, चिंचोके, आजीचा जुना तराजू. ओजस शेठ, सुहास गिऱ्हाईक. उधारी मागायला मीनलही येऊ लागली.

पाण्याचे पेले सरळ राहू लागले. मुलगा गुणी झाला असं मात्र नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी भावावरून घासाघीस चालली असताना शेठ भडकले आणि वजन गिऱ्हाइकाच्या कपाळावर बसलं.

सुहासने एका हाताने कपाळ दाबलं, दुसऱ्याने त्याला उचललं. “मारलंस. पाट.” एवढंच. गजर लावून तो परत दुकानात आला. मीनलने चिंचोके मोजायला घेतले.

मिनिटभर बोळकंडीत शांतता. मग रडू फुटलं, अगदी आतून. “ते माझं दुकान आहे! मला तिकडे यायचंय!”

सुहास उठायला लागला. आजीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. “अजून दोन मिनिटं.”

गजर वाजला. सुहास पाटाशी गेला, नाक पुसलं आणि विचारलं, “शेठ, पाव किलो वाल मिळतील का?”

ओजसने त्याच्या टेंगळाकडे बघितलं, त्यावरून एकदा बोट फिरवलं.

“सुटे पैसे आहेत का?”