कष्टाचा निरोप

“आमच्या घराण्यातच शुगर आहे, मला कुठली चुकतेय!” हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. जनुक म्हणजे सटवाईने कपाळी लिहिलेला लेख, असा समज त्यामागे असतो. आनुवंशिकतेचा धोका खोटा नाही. पण २०१२ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या रोमाँ बारेस, जुलीन झिएराथ आणि सहकाऱ्यांनी जे दाखवलं, त्यानंतर तो समज जसाच्या तसा बाळगणं मला तरी शक्य नाही.

व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी तरुण स्त्री-पुरुषांना त्यांनी सायकल चालवायला लावली आणि आधी-नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा तपासला. डीएनएवर मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटलेले असतात. जनुकाच्या आरंभापाशी ते दाट असले, की ते जनुक सहसा गप्प राहतं. सायकल चालवल्यावर साखर आणि चरबी वापरण्याशी संबंधित काही जनुकांवरचे हे गट विरळ झाले आणि ती जनुकं जागी झाली. व्यायाम जितका जोराचा, तितका हा बदल ठळक. लेखातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदललं होतं ते वाचन, आणि तेही एकदाच सायकल चालवून.

मग त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या स्नायूपेशींना कॅफीन दिलं. तिथेही हे गट गळाले! ना सायकल, ना घाम. याचं कारण कॅल्शियममध्ये असावं. स्नायू आकुंचन पावताना पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. कॅफीन त्याच साठ्याचं दार उघडतं. किडीपासून बचावासाठी झाडाने घडवलेलं रसायन स्नायूपेशीपर्यंत कष्टाचा निरोप पोचवतं आणि पेशी तो खरा मानते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण पेशींवर घातलेलं हे कॅफीन, कपभर कॉफीनंतर रक्तात असतं त्याच्या शेकडो पट होतं. तेवढं रक्तात उतरलं तर माणूस दगावेल. कॉफीने व्यायामाचं काम होईल, असा अर्थ यातून काढणं चूकच. कॅफीनने फक्त खरा निरोप्या कॅल्शियम असावा, याकडे बोट दाखवलं.

म्हणून घराण्यात शुगर असणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कॉफी आवडत असेल तर घ्या, पण झेपेल तेवढं, दम लागेपर्यंत चाला. तुमचे स्नायू त्याच दिवशी तो निरोप ऐकतात.