ऋषीची भाजी आणि उपाशी बैल



आज भाद्रपद शुद्ध पंचमी. काल मोदकांवर ताव मारला, आणि आज पानात ऋषीची भाजी. अळूची पानं नि देठं, लाल भोपळा, सुरण, पडवळ, शिराळं, भेंडी, माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे. चवीला मीठ, चिंच, हिरवी मिरची. फोडणी नाही, मसाला नाही. सगळं एका पातेल्यात शिजवायचं. कुणाकडे घट्ट असते, कुणाकडे वाटीने प्यावी इतकी पातळ. सोबत वरीचा भात. कोकणात मिळाला तर आपोआप उगवलेला देवभात.

नियम एकच, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणून नांगरलेल्या शेतातले गहू-तांदूळ बाद. तेलही बाद, कारण तेल घाण्याचं आणि घाणा ओढायचा बैलानेच. मग उरतं ते परसातलं, मांडवावरच्या वेलीचं आणि मातीतून उकरून काढलेलं कंद.

आजच्या चिंतनाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला १२वा श्लोक घेतलाय. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना काहीच परत न देता जो एकटा खातो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. श्लोकात देणारे म्हणजे देव. पण आजची कहाणी वाचली की देणाऱ्यांच्या यादीत गोठ्यातला बैलही येऊन उभा राहतो.

या व्रताबद्दल मुली हमखास विचारतात, "ताई, हे पाळीच्या विटाळाचं प्रायश्चित्त ना? मग मी का करू?" प्रश्न रास्त आहे. कहाणीत तसंच सांगितलंय: बाईने विटाळ पाळला नाही म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल. पाळी हे पाप आहे, हे मला मान्य नाही. शरीर देवानेच दिलंय, त्याचा धर्म त्याला ठाऊक आहे. पण तेवढ्यावर चिडून कहाणी मिटू नका, कारण पुढे जे घडतं ते फार कमी जण नीट ऐकतात.

दोघंही आपल्या मुलाच्याच घरी असतात. घरात श्राद्ध, तेही त्यांचंच! खिरीत सापाने गरळ टाकलेलं कुत्रीला दिसतं. जेवायला येणारी माणसं मरतील म्हणून ती खिरीला तोंड लावते. सुनेला वाटतं कुत्रीने अन्न बाटवलं. ती तिला मारते आणि उपाशी ठेवते. बैलाला दिवसभर कामाला जुंपलेलं, त्याच्याही पोटात काही नाही. रात्री गोठ्यात दोघं एकमेकांना हे सांगतात आणि मुलाच्या कानावर पडतं. ज्या बापाच्या नावाने पानं वाढली, तो बाप मागच्या दारी भुकेला! मुलगा आधी त्यांना खायला घालतो. मग ऋषींकडे धावतो. ते त्याला हे व्रत सांगतात.

मला तो क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी घास, मग उपाय. सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा आपण मनापासून करतो, करायलाच हवी, ऋषिऋण आहेच आपल्यावर. पण ज्याला जुंपलंय तो जेवला का, हे कोण विचारतं?

आता शेतात ट्रॅक्टर आलाय, तेव्हा 'बैलाचं नाही' म्हणायला आपण मोकळे. तरी दुपारी अडीच वाजता तुमच्या दाराशी जेवणाची पिशवी घेऊन उभा राहणारा मुलगा बघा. गरम वाफ त्याच्या पाठीवर, आणि त्याचं स्वतःचं जेवण बहुतेक राहिलेलंच. घरकामाच्या मावशींना तर आज तुमच्या घरचा नैवेद्य आणि आरती दोन्ही सांभाळून आणखी चार घरं करायची आहेत. त्यांना निघताना डबा देण्याऐवजी आधी बसवून वाढा. आपल्यासोबत, त्याच पातेल्यातलं.

आणि हो, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी: अळू नीट शिजू द्या आणि चिंच घालायला विसरू नका. घसा खाजला तर त्यात ऋषींचा काही दोष नाही!