गांवाचें एकमत आणि एकट्याचा हात

‘गांव करी तें राव न करी’ अशी आपली जुनी म्हण आहे, व ती खोटी नाहीं. तळें खणणें, रस्ता बांधणें, आग विझविणें, हीं कामें एकट्या धनवानाच्यानें होत नाहींत, गांवाकडून होतात. परंतु ज्या गांवास इतकें सामर्थ्य आहे, त्याच्या मताविरुद्ध एकट्यानें हात वर केला, तर गांवानें त्याशीं कसें वागावें? हा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

मेक्सिको देशाच्या दक्षिणेस ओआहाका नांवाचा प्रांत आहे. तेथें सापोतेक, मिश्तेक इत्यादि मूळच्या लोकांची मोठी वस्ती असून ५७० स्थानिक पालिका आहेत. त्यांपैकीं ४०० हून अधिक पालिकांत राजकीय पक्षांस स्थान नाहीं. रूढीप्रमाणें ग्रामसभाच अधिकारी निवडते. कोठें हात वर करून, तर कोठें फळ्यावर उमेदवाराच्या नांवापुढें रेघ ओढून मत देतात. १९९५ सालीं प्रांताच्या कायद्यानें व २००१ सालीं देशाच्या राज्यघटनेनें या रीतीस मान्यता दिली.

या रीतीचा कोणीं तिरस्कार करूं नये. तेथें अधिकार हें सेवेचें फळ होय. तरुणपणीं निरोप्याचें अथवा पहारेकऱ्याचें काम बिनपगारी करावें, पायरीपायरीनें वर चढावें, आणि ज्याचे श्रम गांवानें पाहिले त्यासच शेवटीं प्रमुख करावें. सार्वजनिक कामाकरितां घरोघरचे लोक श्रमदान करितात. त्यास ‘तेकिओ’ म्हणतात. पैसे वांटून मतें घेण्यापेक्षां ही रीत पुष्कळ बरी.

परंतु ‘गांव’ म्हणजे कोण? २००७ सालीं सान्ता मारिया किएगोलानी येथें एउफ्रोसिना क्रूस या सापोतेक बाई प्रमुखपदाकरितां पुढें आल्या. तेव्हां त्या स्त्री आहेत व शिकून व्यवसाय करणाऱ्या आहेत, असें म्हणून त्यांस मिळालेलीं मतें रद्द करण्यांत आलीं. तसेंच कांहीं गांवांत प्रॉटेस्टंट झालेल्या कुटुंबांनीं गांवच्या संताच्या उत्सवाची वर्गणी नाकारली, म्हणून त्यांचें पाणी तोडलें, हक्क काढून घेतले, व कित्येकांस गांवाबाहेर घालविलें.

कोणी म्हणतील, ज्यानें गांवचा भार उचलला नाहीं त्यानें गांवचा हक्क कां मागावा? हें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. श्रमाचा वांटा चुकविणाऱ्याची तरफदारी आम्ही करीत नाहीं. पाणी सर्वांचें, म्हणून पाटाचें कामहि सर्वांचें. परंतु पूजा ही ज्याच्या त्याच्या विवेकाची गोष्ट होय. तिची वर्गणी पाण्याच्या मोलांत मिळविणें हा अन्याय आहे. आणि घराच्या सेवेंत स्त्रियांचाहि घाम आहेच. तर सेवेनें हक्क मिळतो हाच नियम खरा धरिला, तरी स्त्रीस वगळणें हें रूढीचें पालन नव्हे. तें रूढीनेंच मोडतें.

२०१० सालीं त्याच क्रूसबाई प्रांताच्या विधिमंडळांत निवडून आल्या. आणि २०१५ सालीं राज्यघटनेंत असें घालण्यांत आलें कीं, गांवच्या रीतीनें कोणाहि नागरिकाचा मतदानाचा व निवडून येण्याचा हक्क कमी होऊं नये. यानें ग्रामसभा मोडली नाहीं. तिचें दार मात्र रुंद झालें. हीच वाट आम्हांस योग्य वाटते.

आपल्याकडेहि एकमताची थोरवी गातात. परंतु जानेवारी २०२१ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका, पदांचा लिलाव झाल्यामुळें, राज्य निवडणूक आयोगानें रद्द केल्या. सर्व गप्प राहिले म्हणजे सर्वांचें एकमत झालें असें नव्हे.

प्रिय वाचकहो, आम्ही थोडे असतों तेव्हां विवेकाची दाद मागतों. मग मंडळीच्या सभेंत आम्ही पुष्कळ असतां एकटी विधवा किंवा एखादा तरुण ‘नाहीं’ म्हणेल, तर त्याकडे आपण कसें पाहतों? तिचें म्हणणें पूर्ण ऐकावें, मगच ठराव करावा. आणि ठराव तिच्याविरुद्ध झाला, तरी दुसऱ्या दिवशीं विहिरीवर तिला पहिल्याप्रमाणेंच जागा असावी.