डबे बदलले, गाडी तीच?

पुणे परिसरातल्या रेल्वेवेड्यांचा जीव अडकतो तो डेक्कन क्वीन या गाडीत.

गाडी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न संगणकावरही पडतो: ‘ओपन रेल्स’ या रेल्वे सिम्युलेटरमध्ये प्रत्येक डब्यामागे ‘वॅग’ नावाची साध्या मजकुराची फाइल असते. तीत वजन, ब्रेक, कपलिंगचे आकडे बदलता येतात. रंग बदलतो, बोगीही नवी बसते. सगळंच बदललं तर ती गाडी कोणती?

बौद्ध भिक्खू नागसेनानं मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? या जोडणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ, हे बौद्धांचं उत्तर. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, ते पटत नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळा आणि खराखुरा असतो. मात्र अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो.

या हिशेबानं १ जून १९३० रोजी कल्याण-पुणे धावलेली राणी केव्हाच संपली. १९६६ मध्ये पेरांबूरचे डबे आले, २०२२ मध्ये एलएचबी. तरी पासधारकांची ती ‘क्वीन’च आहे.

इथे नागसेनच खरा वाटतो. नाव वापरात टिकतं, आणि वापरही ठोस असतो: एलएचबी रेकमध्येसुद्धा रेल्वेनं डायनिंग कार कायम ठेवली.